मुंबई–जेद्दा: अंतर तेच, तास वेगळे

उमराहचं तिकीट काढताना आपण आधी भाडं बघतो. तास मोजायचे राहून जातात.

मुंबई ते जेद्दा सरळ अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना सुमारे साडेपाच तास लागतात. सौदीचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणून तिकिटावर हा प्रवास तीनच तासांचा दिसतो.

२४ एप्रिल २०२५ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, इंधनाचा खर्च वाढला. मुंबईचा मार्ग अरबी समुद्रावरून ओमानकडे जातो, त्यामुळे त्याला फारसा फटका बसला नाही. पण २३ जूनला कतारने काही तास आकाश बंद केलं, तेव्हा दोहामार्गे निघालेले प्रवासी अडकले.

म्हणजे प्रवास किती लांबेल, हे किलोमीटरइतकंच वाटेतल्या देशांचं आकाश खुलं आहे का, यावरही ठरतं. स्वस्त तिकिटात एक थांबा वाढला की थकवाही वाढतो आणि जोखीमही. सोबत बुजुर्ग असतील तर चार पैसे जास्त गेले तरी थेट विमान बरं, असं आम्हाला वाटतं. मिकात विमानातच ओलांडली जाते, तेव्हा एहरामचीही तयारी आधीच ठेवा.