चाळिशी लागली, तरी नेम चुकेना!

खेळाडूने पस्तिशी ओलांडली, की त्याच्या निवृत्तीची कुजबुज सुरू होते. सचिन तेंडुलकरने २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेतला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, आणि इतकी वर्षं तो टिकला याचंच सगळ्यांना अप्रूप वाटत होतं. मग मे २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात घडलं, त्याला काय म्हणायचं? तिथल्या क्रूसिबल थिएटरमध्ये स्नूकरच्या जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत खेळायला उतरला होता वेल्सचा मार्क विल्यम्स. वय वर्षं पन्नास! उपांत्य सामन्यात त्याने जड ट्रम्प या जागतिक क्रमवारीतल्या अव्वल खेळाडूला १७-१४ असं घरी पाठवलं होतं. अंतिम सामन्यात चीनच्या अठ्ठावीस वर्षांच्या झाओ शिनतोंगने त्याला १८-१२ असं हरवलं. पण पन्नाशीतला माणूस जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचतो, हे क्रूसिबलवरही पूर्वी कधी झालं नव्हतं.

स्नूकरचा जन्म आपल्याच देशातला. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी वेळ घालवण्यासाठी तो शोधून काढला, असं मानलं जातं. बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल, पंधरा लाल चेंडू, सहा वेगवेगळ्या रंगांचे आणि एक पांढरा. इथे धावायचं नसतं, उडी मारायची नसते. मग साठीपर्यंत खेळायला अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. पण व्यावसायिक स्नूकर इतकं सोपं नाही.

वय पहिला घाला घालतं तो डोळ्यांवर. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसू लागतं. आपल्याकडे तर त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. स्नूकरपटूला क्यूचं टोक, पांढरा चेंडू आणि दहा फुटांवरचा लाल चेंडू असं जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्वच्छ दिसावं लागतं. त्यातून तो क्यूवर हनुवटी टेकवून वाकलेला असतो, त्यामुळे नजर चष्म्याच्या काचेवरून निसटते. उत्तर आयर्लंडच्या डेनिस टेलरने यावर उपाय म्हणून काचा खूप वर बसवलेला भलामोठा चष्मा करून घेतला. चष्मा उलटा घातलाय की काय, असं बघणाऱ्याला वाटायचं. १९८५ मध्ये तोच चष्मा लावून टेलरने स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर हरवलं आणि जगज्जेतेपद पटकावलं. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ब्रिटनमधले १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसून होते.

डोळ्यांनंतर पाठ आणि मान. रोज तासन्‌तास कमरेत वाकून उभं राहायचं, तेही वर्षानुवर्षं. जागतिक स्पर्धा सतरा दिवस चालते आणि अंतिम सामना पस्तीस फ्रेम्सचा, दोन दिवसांचा असतो. तिसरा घाला मात्र कुणाला दिसत नाही. सात वेळा जगज्जेता झालेल्या स्कॉटलंडच्या स्टीफन हेन्ड्रीला तो सोसावा लागला. १९९० मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी त्याने हे पद मिळवलं होतं. पुढे क्यू सरळ पुढे नेताना त्याचा हात ऐनवेळी अडखळू लागला. इंग्रजीत याला ‘यिप्स’ म्हणतात. सरावात नीट बसणारा फटका सामन्यात बिघडायचा. २०१२ मध्ये क्रूसिबलवर त्याने एका फ्रेममध्ये पूर्ण १४७ गुण केले, आणि त्याच स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. पुढे निमंत्रणावरून काही सामने खेळला, पण जुना हेन्ड्री परतला नाही.

वय इतकं हिरावून घेतं, तर मग ही मंडळी जिंकतात कशी?

कारण वय काही देऊनही जातं. कोणता चेंडू मारायचा हे तरुणाला लवकर कळतं. कोणता मारायचा नाही, हे कळायला वर्षं जावी लागतात. नेम धरण्याऐवजी पांढरा चेंडू अशा अडचणीच्या जागी नेऊन ठेवायचा की प्रतिस्पर्ध्याला काही सुचूच नये, याला ‘सेफ्टी’ म्हणतात. रॉनी ओ’सुलिव्हनसारखा विजेच्या वेगाने खेळणारा खेळाडूही हे शिकायला २००४ मध्ये रे रियर्डनकडे गेला. रियर्डन तेव्हा सत्तरी ओलांडलेले, सहा वेळचे जगज्जेते. त्यांनी शेवटचं जगज्जेतेपद मिळवलं ते १९७८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी. शिष्याने त्याच वर्षी, २००४ मध्ये, अजिंक्यपद पटकावलं. पुढे २०२२ मध्ये सेहेचाळीसाव्या वर्षी सातव्यांदा जगज्जेता होऊन त्याने सर्वांत वयस्क विजेत्याचा गुरूचा विक्रमही मोडला!

रॉनीची कहाणी आणखी नवलाची आहे. यूके चॅम्पियनशिप त्याने पहिल्यांदा जिंकली १९९३ मध्ये, अठरावा वाढदिवस आठवड्यावर असताना. तीच स्पर्धा आठव्यांदा जिंकली २०२३ मध्ये, अठ्ठेचाळीसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. तिचा सर्वांत लहान विजेताही तोच आणि सर्वांत मोठाही तोच.

रॉनी, विल्यम्स आणि स्कॉटलंडचा जॉन हिगिन्स हे तिघेही १९७५ चे, आणि तिघेही १९९२ मध्ये व्यावसायिक झाले. हा निव्वळ योगायोग नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी व्यावसायिक स्नूकरचे दरवाजे सर्वांना खुले झाले होते. शेकडो पोरं ब्लॅकपूलला पात्रता फेऱ्या खेळायला लोटली. रॉनीने तिथे पहिल्या ७६ सामन्यांपैकी ७४ जिंकले. अशा गर्दीतून वर आलेल्यांना लढण्याची जी सवय लागली, ती तीस वर्षांनंतरही सुटली नाही.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं हौशी जागतिक विजेतेपद मिळवलं आणि बेचाळिसाव्या वर्षी, १९६४ मध्ये ते पुन्हा जिंकलं. पुण्यातच जन्मलेला आणि बंगळुरूत वाढलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये अठराव्या वर्षी हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. मध्यंतरी तो इंग्लंडच्या व्यावसायिक सर्किटमध्येही उतरला, पण दोन वर्षांत ती वाट सोडून परतला. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून अठ्ठाविसावं जागतिक विजेतेपद त्याने २०२४ मध्ये जिंकलं, एकोणचाळिसाव्या वर्षी.

मात्र या खेळात वयाचा मान राखून कुणाला जागा मिळत नाही. दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसांच्या रकमेवर क्रमवारी ठरते. पहिल्या चौसष्टात नाव नसेल आणि मुदतही संपली असेल, तर पुन्हा पात्रता फेरी, तीही नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर. म्हणून जुन्या विजेत्यांपुढे खरा प्रश्न असतो तो थांबायचं कधी हा. फुटबॉलपटूला गुडघा सांगतो, धावपटूला घड्याळ सांगतं. स्नूकरपटूला असं कुणी सांगत नाही. १९७८ मध्ये फ्रेड डेव्हिस चौसष्टाव्या वर्षी जागतिक उपांत्य फेरीत खेळले होते, तेव्हा आशा कधीच पुरती मावळत नाही.

सहा वेळचा जगज्जेता स्टीव्ह डेव्हिस याच आशेवर खेळत राहिला. त्याला हा खेळ वडिलांनी, बिल यांनी शिकवला होता. उमेदीची वर्षं केव्हाच सरली होती, पराभव वाढत होते. तरी २०१० मध्ये बावन्नाव्या वर्षी त्याने क्रूसिबलवर गतविजेत्या हिगिन्सला १३-११ असा धक्का दिला, आणि त्यानंतरही सहा वर्षं तो पात्रता फेऱ्यांत उतरत राहिला. मार्च २०१६ मध्ये वडील गेले. पुढच्याच महिन्यात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, डेव्हिसने व्यावसायिक खेळातून निवृत्ती जाहीर केली. वडिलांचं जाणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं त्याने सांगितलं.

नजर अधू झाली तर चष्मा लावता येतो, पाठीला व्यायाम देता येतो. पण खेळावंसं वाटणं कुठल्या दुकानात मिळत नाही. ते ज्याच्याजवळ आहे, त्याला पन्नाशीतही थांब म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. आणि ज्याचं ते सरलं, त्याने क्यू शांतपणे पेटीत ठेवला, तर त्याला हरलेला म्हणू नये.