विश्लेषण: कॉम्प्युटरशिवाय कोडिंग शिकता येते का? ‘स्क्रीन-फ्री’ खेळांत नेमके काय असते?

तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवण्याचा अभ्यासक्रम २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून आणणार, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यानंतर अनेक पालकांना पहिला प्रश्न पडला तो, ‘आठ वर्षांच्या मुलाला आता लॅपटॉप घेऊन द्यायचा का?’ दुसरीकडे समाजमाध्यमांवर ‘स्क्रीन-फ्री कोडिंग’च्या रील्स फिरत आहेत. बाणांच्या चिठ्ठ्या, लाकडी रोबो, जमिनीवर आखलेल्या चौकटी असे त्यात बरेच काही दिसते. हे खरोखर कोडिंग आहे की जुन्याच खेळण्यांना दिलेले नवे नाव?

संगणकीय विचार म्हणजे काय?

मोठे काम लहान तुकड्यांत तोडणे, त्यांचा क्रम लावणे, पुन्हा पुन्हा येणारा भाग ओळखणे आणि चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली हे शोधणे, अशा सवयींना मिळून संगणकीय विचार म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ही संज्ञा जगभर रुळली. वाचन, लेखन आणि गणित यांच्याप्रमाणेच हे कौशल्यही प्रत्येक मुलाला मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते.

कोडिंग हा त्याचा एक भाग. संगणकाला समजेल अशा भाषेत सूचना लिहिणे म्हणजे कोडिंग. भाषा नंतर शिकता येते, पण सूचना मुळात डोक्यात तयार व्हाव्या लागतात. स्क्रीनविना खेळले जाणारे खेळ या डोक्यातल्या भागावर काम करतात.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. सेमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातले ‘कासव’ सूचनेप्रमाणे चालते आणि रेघ काढते. चौकोन काढणे जमेना, तर स्वतःच कासव होऊन चालून बघ, असे पेपर्ट मुलांना सुचवत. ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ हे चार वेळा केले की चौकोन पूर्ण होतो, हे पायांना आधी कळते.

१९९० च्या दशकात टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज यांनी ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ हा उपक्रम उभा केला. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाशी जोडलेल्या या उपक्रमात पत्ते, दोरी आणि खडू वापरून संगणकशास्त्र शिकवले जाते. भारतात ‘एसीएम इंडिया’ या संस्थेने २०१६ मध्ये ‘सीएस पाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्यातही संगणकाविना करायच्या कृतींवर भर आहे.

खेळ नेमका कसा असतो?

घरातल्या फरश्यांवर खेळता येणारा ‘रोबो’ पाहू. आजी किंवा बाबा रोबो होतात. चार फरश्या पलीकडे पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि वाटेत एखादा पाट आडवा टाकायचा. सूचना तीनच: ‘एक फरशी पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. मुलाने चिठ्ठ्या ओळीने मांडायच्या, मग रोबोने त्या एकेक वाचून तंतोतंत पाळायच्या.

इथे एक नियम महत्त्वाचा आहे. सगळ्या चिठ्ठ्या मांडून होईपर्यंत रोबोने जागचे हलायचे नाही. मूल एक सूचना देते, रोबो हलतो, मग दुसरी सूचना, असे चालले तर तो रिमोट झाला. पुढचे सगळे आधी मनात पाहून लिहिणे, हा प्रोग्रामिंगचा गाभा आहे.

बहुतेक मुले दोन ठिकाणी अडतात. पहिले, रोबो मुलाकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा हात मुलाच्या उजव्या बाजूला येतो. दुसरे, ‘डावीकडे वळ’ म्हटले की तो वळेल आणि एक पाऊल पुढेही जाईल, असे मूल गृहीत धरते. पण रोबो फक्त जागच्या जागी वळतो. सांगितले तेवढेच करायचे, मनातले ओळखायचे नाही, हा यंत्राचा स्वभाव मुलाला तिथे पहिल्यांदा भेटतो. मग चिठ्ठ्यांची ओळ तपासायची, चुकलेली चिठ्ठी शोधायची, बदलायची आणि पुन्हा चालवायचे. प्रोग्रामर याला ‘डीबगिंग’ म्हणतात.

खेळ जमू लागला की ‘हे तीनदा कर’ अशी चिठ्ठी द्यायची. हा ‘लूप’. ‘समोर पाट असेल तर वळ’ ही चिठ्ठी म्हणजे ‘कंडिशन’.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘अनप्लग्ड’मधला पाच पत्त्यांचा खेळ आहे. पत्त्यांवर अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढायचे. प्रत्येक पत्ता उघडा किंवा पालथा. तेरा हवे असतील तर ८, ४ आणि १ उघडे, बाकीचे पालथे. या पाच पत्त्यांनी ० ते ३१ पर्यंतची कोणतीही संख्या दाखवता येते, म्हणजे महिन्यातली कोणाच्याही वाढदिवसाची तारीख. संगणक सगळी माहिती ० आणि १ मध्ये साठवतो म्हणजे काय, ते इथे हातात येते.

याने खरोखर फायदा होतो का?

माद्रिदमधील दोन सरकारी प्राथमिक शाळांत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकाविना कृती केलेल्या मुलांची संगणकीय विचाराच्या चाचणीतील कामगिरी इतरांपेक्षा अधिक सुधारली, असे त्यात दिसले. मात्र ही पाचवी-सहावीच्या वयाची मुले होती. त्यावरून तीन वर्षांच्या बालकाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. ‘लोगो’ शिकल्याने मुलांची एकूणच नियोजनक्षमता वाढते का, हे रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ च्या सुमारास तपासले. तसा ठोस परिणाम त्यांना आढळला नाही. त्यामुळे ‘हा खेळ खेळा, मूल हुशार होईल’ असे कोणी विकत असेल तर सावध राहावे. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, लहान मुलांच्या कोडिंग वर्गांच्या जाहिरातींनी पालकांना किती घाबरवले होते ते आठवून पाहा. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्यानंतर त्यातील काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या होत्या.

मग स्क्रीन का टाळायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. त्या वयात कोडिंगसाठी आणखी एक ॲप उघडण्याचे कारण नाही.

शाळांसाठी दुसरे कारण अधिक मोठे आहे. ‘यूडायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे. म्हणजे संगणकीय विचार हा संगणक कक्षातच शिकवायचा विषय मानला, तर दर तीन शाळांपैकी जवळपास एक शाळा पहिल्याच दिवशी मागे पडते. खडूने आखलेल्या चौकटी मात्र द्विशिक्षकी शाळेच्या ओट्यावरही बसतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हाच क्रम आहे. पायाभूत स्तरापासून कोडी आणि खेळांतून गणिती व संगणकीय विचारावर भर द्यायचा आणि कोडिंगच्या कृती मधल्या टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत, आणायच्या, असे ते धोरण सांगते.

पालकांनी आणि शाळांनी काय पाहावे?

महागडा लाकडी रोबो घेण्यात गैर काही नाही, पण त्याने होणारे काम चिठ्ठ्यांनीही होते. संच खरेदी करणे शाळांनाही सोपे वाटते, कारण बिल दाखवता येते. खर्च खरा लागतो तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि वेळापत्रकातल्या वेळेवर. मूल चुकल्यावर उत्तर न सांगता ‘कुठे चुकले असेल?’ असे विचारून थांबणारा मोठा माणूस या खेळात सगळ्यांत महत्त्वाचा, आणि चाळीस मुलांच्या वर्गात तो वेळ काढणे सर्वांत अवघड.

म्हणून नवा अभ्यासक्रम शाळेत आला की पालकसभेत तीन प्रश्न विचारावेत. शिक्षकांना प्रशिक्षण किती दिवसांचे मिळाले? मुलांना चूक स्वतः शोधायला वेळ दिला जातो का? आणि यासाठी घरी मोबाइल लागणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर तिसरीच्या मुलासाठी तो कशाला हवा, हा चौथा प्रश्नही विचारावा.