चंद्रकळेचा रंग

२०११ च्या संक्रांतीस आमच्या मातोश्रींनी सौंसरच्या घरी शेवटचे मोठे हळदीकुंकू केले. अंगावर तांबड्या काठांची काळी चंद्रकळा, वाण म्हणून बागेतली संत्री. तेवढे एकच चित्रण आमच्यापाशी आहे. मातोश्री गेल्यावर ते पाहण्याचा धीर कोणास झाला नव्हता. गेल्या संक्रांतीस मुलाने ती डीव्हीडी संगणकात उतरविली, संगणक केबलने नव्या मोठ्या टीव्हीस जोडला, आणि घरची मंडळी समोर बसली. पाहतो तो काय, चंद्रकळा राखाडी, कुंकू विटकरी, संत्र्यांवर जणू धुरळा बसलेला. पांढुर्ण्याहून आलेली धाकटी बहीण हळूच म्हणाली, "दादा, आईची चंद्रकळा अशी नव्हती रे."

जुने चित्रण, रंग उडाले असतील, असा आम्ही निष्कर्ष काढला. जन्मभर मराठी शिकविणाऱ्याने येथे थांबावयास हवे होते. आम्ही मात्र एका स्टुडिओत जाऊन रंग गडद करून मागितले. त्या सद्गृहस्थांनी सांगितले तसे करून दिले. मूळ डीव्हीडी आम्ही कपाटात ठेवली होती, ही केवळ दैवाची कृपा.

पुढे नागपूरचा भाचा आला. त्याने मूळ चित्रण पेन ड्राइव्हवर घेतले आणि संगणक वगळून तो थेट टीव्हीस लावला. चंद्रकळा काळीभोर! "मामा, चित्रणाला काही झालेले नाही. तुमचा संगणक आणि टीव्ही एकमेकांची भाषा समजत नाहीत."

वाचकहो, गोष्ट अशी आहे. प्रकाशाचे माप संगणक ० ते २५५ अशा पायऱ्यांनी करतो. ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे. चित्रणात मात्र काळे १६ वर आणि पांढरे २३५ वर धरण्याचा रिवाज आहे. संकेत क्षणभर उसळला तर दोन्ही टोकांस जागा असावी, म्हणून १९८२ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात ही सोय केली गेली. (आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले तेही त्याच साली.) आमचा संगणक १६ ला काळे समजून पाठवीत होता, टीव्ही ० लाच काळे मानीत होता. मग १६ म्हणजे त्याच्या लेखी राखाडीच! पांढरेही २३५ वर अडकून मळकट झाले. दोन्ही टोके आत ओढली गेली की मधले सारे रंग फिके पडतात.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर 'आउटपुट डायनॅमिक रेंज' असते. तेथे 'लिमिटेड'च्या जागी 'फुल' करावयाचे. इंटेलच्या संगणकांत याच गोष्टीस 'क्वांटायझेशन रेंज' म्हणतात. आम्ही उत्साहाच्या भरात टीव्हीतील 'ब्लॅक लेव्हल'ही बदलून टाकली. तेव्हा उलटाच प्रकार झाला. चंद्रकळेच्या निऱ्या, केस, मागचा अंधारा कोनाडा, सारे एका काळोखात बुडाले. कारण आता टीव्ही १६ च्या खालचे सगळेच काळे धरू लागला. भाच्याने तो बदल मुकाट्याने मागे घेतला.

आणखी एक खूण त्याने सांगितली. केवळ चित्रणच नव्हे, तर पडद्यावरील इतर काळा भागही राखाडी दिसत असेल, तर दोष आमच्यासारखा केबलच्या दोन टोकांचा. बाकी सारे ठीक आणि चित्रण तेवढे फिके, तर चित्रण दाखविणारा प्रोग्रॅम किंवा ग्राफिक्सची व्हिडिओविषयक सेटिंग तपासावी. तेथेही १६-२३५ आणि ०-२५५ असे दोन पर्याय असतात. या भागात घरोघरी लग्नांची, पोळ्याची, जामसावळीच्या दर्शनाची चित्रणे साठली आहेत. ती फिकी दिसली तर आधी दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावीत आणि मूळ प्रतीस हात लावू नये, एवढी आमची विनंती.

त्या रात्री आम्ही स्टुडिओतील प्रतही लावून पाहिली. मातोश्रींचा चेहरा तांब्याच्या घागरीसारखा झाला होता. ती प्रत पुसली आणि मूळ चित्रण पुन्हा लावले. बहिणीस पांढुर्ण्याची शेवटची बस गाठायची होती. ती गाठली नाही.