काजळीचा हिशेब

24 ऑक्टोबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात पेटकोक व फर्नेस ऑइल वापरण्यावर बंदी घातली. सिमेंटवाल्यांना डिसेंबरातच सूट मिळाली. पण रिफायनरीच्या तळाशी उरणारे जड तेल कुठे थांबते? राजस्थानातच पचपदऱ्याला वर्षाला 90 लाख टनांची रिफायनरी. जाळू देत नाहीत, तर वायूकरण करा, असे जयपूरच्या अभियंत्याला वाटले तर नवल नाही.

या विषयावर आमच्या नियतकालिकाकडे येणारे लेख बहुतेक एकाच साच्याचे असतात. अ‍ॅस्पेन या संगणक प्रणालीत गिब्स रिअ‍ॅक्टर, म्हणजे रासायनिक समतोल धरून चालणारे प्रारूप, मांडायचा, तेल, ऑक्सिजन आणि वाफ सोडायची, हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण छापील आकड्यांशी ताडायचे. जुळते. जुळणारच! 1300-1400 अंश सेल्सिअसला वायू समतोलाच्या जवळ पोहोचलेलाच असतो. त्यात प्रारूपाचे कर्तृत्व थोडे.

खरी परीक्षा काजळीची. प्रत्यक्षात तेलातला साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो आणि हे समतोलाचे गणित तिथे शून्य दाखवते. ती ठरते बर्नरमधून थेंब किती बारीक सुटतात, ऑक्सिजनशी किती लवकर मिसळतात, यावर. धुलाईचे पाणी, काजळी परत फिरवण्याचा खर्च, ऑक्सिजनची मात्रा हे सारे तिच्यामागे येते. जड तेलातल्या व्हॅनेडियमचेही तसेच. ऑक्सिजन जास्त झाला की त्याचा पेंटॉक्साइड होतो, तो 700 अंशांच्या आतच वितळतो आणि अस्तराच्या विटा खातो. किती लेखांत विटांचा उल्लेख असतो?

याची उत्तरे देशात होती. भटिंडा आणि पानिपतचे खत कारखाने 1970च्या दशकाच्या अखेरीपासून शेल पद्धतीने, भरूचचा 1982 पासून टेक्साको पद्धतीने जड तेलाचे वायूकरण करत होता. भटिंडा-पानिपत 2013च्या सुमारास नैसर्गिक वायूवर गेले, आणि ते योग्यच झाले. पण बर्नर कधी बदलला, विटा किती तास टिकल्या, तेल बदलल्यावर काजळी किती वाढली, हे लिहिलेली लॉगबुके रद्दीत जाऊ नयेत. पानिपत जयपूरहून फार दूर नाही. संशोधकाने परदेशी आकडे उचलण्याआधी तिथल्या निवृत्त पाळीप्रमुखांना गाठावे.

असे अनुभव हाताने लिहून पाठवले तरी आम्ही छापू. प्रारूपावरील लेखात मात्र यापुढे काजळीचा मोजलेला आणि काढलेला आकडा शेजारी-शेजारी हवा. तो नसेल तर लेख परीक्षकांकडे जाणार नाही.