ऑइल बदलायचे तर समोर उभे राहून



दारात बैलगाडी होती तेव्हा ओंगण घालणे हे घरचे काम होते. चाक काढले का, आस कोरडा पडला का, ओंगण पुरले का, सारे मालकाच्या डोळ्यांपुढे घडे. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आली आणि वंगण इंजिनाच्या पोटात गेले. आत काय ओतले, किती ओतले, जुने सगळे निघाले की निम्मे तसेच राहिले, हे बाहेरून कळत नाही. ऑइल बदलण्यातली लबाडी या न दिसण्यावरच चालते.

सगळेच मिस्त्री लबाड असतात असे मुळीच म्हणायचे नाही. पेरणीच्या दिवसांत रात्री बॅटरीच्या उजेडात ट्रॅक्टर चालू करून देणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. पण दहा चांगल्यांत एक निघतो, आणि त्याच्या हातून गेलेले पैसे हे खरे नुकसान नव्हे. हलके किंवा कमी ऑइल पडले तर इंजिन त्याच दिवशी बंद पडत नाही. बेअरिंगा, लायनर हळूहळू झिजतात आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की ट्रॅक्टर रानात उभा राहतो. इंजिन खोलायला आठवडा जातो, पेरणीची वेळ टळते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. तोवर ऑइल कुणी आणि कोणते घातले होते हे सिद्ध करायला हातात काहीच नसते.

आता सुरुवात कशी होते ते बघा. तुम्ही पंक्चर काढायला किंवा बेल्ट बदलायला गेलेले असता. मिस्त्री सहज पट्टी ओढतो, बोटावर ऑइल घेऊन तुमच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "मालक, ह्ये तर पार डांबर झालंय. आज बदला, न्हाईतर इंजिन बसंल." काळे बोट बघून माणूस घाबरतो. पण डिझेल इंजिनाचे ऑइल काळे होणारच. डिझेल जळताना जी काजळी होते ती धरून ठेवायची आणि इंजिनात कुठे साचू द्यायची नाही, हे त्या ऑइलचे कामच आहे. नवे ऑइल घालून थोडे दिवस काम केले तरी ते काळे दिसते. काळा रंग म्हणजे ऑइल संपले असे नाही.

भ्यायचे ते वेगळ्याच खुणांना. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळते आहे. ऑइल पातळ झाले, डिझेलचा वास येतो, आणि पट्टीवरची पातळी न घालताच वर चढली आहे, तर डिझेल आत उतरते आहे. अशा वेळी नुसते ऑइल बदलून भागत नाही, मूळ दोष काढावा लागतो. तिसरी भीती दाखवतात ती भुग्याची. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावर लोखंडाची बारीक, मऊ राळ जमलेली दिसते. ती थोडी असायचीच. कपच्या किंवा बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मात्र थांबावे.

मग बदलायचे कधी? ते मिस्त्रीने नव्हे, ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेने ठरवायचे. नव्या ट्रॅक्टरची पहिली बदली बहुधा ५० तासांना असते. पुढे कितीतरी ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात, काहींना त्याहून जास्त. ज्यांना २५० तास दिले आहेत ते दर १०० तासांनी ऑइल बदलत असतील तर वर्षाला दोन-तीन बदल्या फुकट जातात. आणि जे वर्षानुवर्षे नुसती भर घालत राहतात, ते इंजिनाचे वैरी.

तासांचे मीटर बंद पडलेले असते, ही घरोघरची कथा. ते दुरुस्त करून घ्यावेच. तोवर डिझेलवरून हिशेब धरता येतो. तुमचा ट्रॅक्टर तासाला सरासरी ४ लिटर पीत असेल तर १,००० लिटरला २५० तास भरले. आपला खप नांगराला किती, ट्रॉलीला किती, हे एकदा टाकी भरून मोजून ठेवा. डिझेल किती आणले ते वहीत लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा. ती आपल्यापेक्षा नेटके ठेवते.

ऑइल शक्यतो आपण विकत घेऊन जावे. पुस्तिकेत जो आकडा दिला असेल, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०, तोच डब्यावर पाहावा. पहिला आकडा थंडीत ऑइल कितपत वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर किती दाट राहते ते. "ह्याच्यापेक्षा भारी देतो" असे कोणी म्हटले तर त्याला पुस्तिका दाखवावी. पिंपातले सुटे ऑइल स्वस्त मिळते, पण त्याला ना नाव ना गाव. वापरलेले ऑइल शास्त्रशुद्ध रीतीने शुद्ध करून पुन्हा चांगले करता येते, त्याचे कारखाने आहेत. पण ते निवळून, गाळून, रंग बरा करून सुटे विकणाराही असतोच, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते.

बंद डब्याचेही डोळे झाकून खरे धरू नये. झाकणाची कडी अखंड आहे का, आतले सील जागेवर आहे का, छापलेला महिना आणि किंमत खोडलेली तर नाही ना, हे बघावे. सील आपल्या हाताने फोडावे. ऑइल ओतून झाले की रिकाम्या डब्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत किंवा विळ्याने तो कापावा. चांगल्या कंपनीचा अखंड डबा भंगारात चांगल्या भावाने जातो, आणि का जातो हे सांगायला नको. घरात रॉकेलला, पाण्याला म्हणून तो जपून ठेवण्याचा मोह बायामंडळींनाही होतो. ऑइलचा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये, हे वेगळे.

आता प्रत्यक्ष बदली. याच वेळी मिस्त्री म्हणतो, "तोवर चहा घेऊन या की." चहा तिथेच मागवा. इंजिन थोडे चालवून कोमट झाल्यावर ऑइल काढायचे असते, म्हणजे काजळीसकट खाली उतरते. थंड इंजिनाचे ऑइल घाईने काढून लगेच नट बसवला तर जुने बरेच आत राहते आणि नव्यात मिसळते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा असावा, धार संपून थेंब पडू लागेपर्यंत थांबावे. दहा-पंधरा मिनिटे लागतात, लागू द्यावीत.

३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना सर्वसाधारणपणे सहा ते आठ-नऊ लिटर ऑइल लागते. नक्की आकडा पुस्तिकेत. डबे मोजत ओतू द्या, शेवटचा लिटर थोडा थोडा. एक डबा बाजूला सरकून मिस्त्रीच्या फळीवर जायला वेळ लागत नाही. ओतल्यावर इंजिन चालवून, बंद करून, थोडे थांबून पट्टी स्वतः बघा: ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलेही वाईट. त्याने फेस होतो, सील गळू लागतात. "जास्त टाकलंय, काळजी नको" म्हणणारा तुमच्यावर मेहेरबानी करत नाही.

फिल्टरच्या बाबतीत जरा जास्तच सावध राहावे. ऑइल नवे आणि फिल्टर जुनाच, वरून पुसून चकचकीत केलेला, ही सर्वांत सोपी फसवणूक आहे, कारण फिल्टर खालच्या अंगाला असतो आणि कोणी वाकून बघत नाही. उपाय तितकाच सोपा. नवा फिल्टर आपल्या हाताने खोक्यातून काढा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने तारीख आणि तास लिहा, मग तो बसवायला द्या. जुना फिल्टर मागून घ्या. पैसे देऊन बदललेला प्रत्येक भाग मागून घेणे हा तुमचा हक्क आहे. चांगला मिस्त्री रागावत नाही. तो स्वतःहूनच जुना भाग हातात देतो. मी तर मिस्त्री पारखायचा तो याच एका गोष्टीवरून.

मोठी रक्कम जाते ती गिअर आणि हायड्रॉलिकच्या ऑइलमध्ये. इंजिनात सात-आठ लिटर, तर इथे कित्येक ट्रॅक्टरांत पंचवीस-तीस लिटर किंवा त्याहून जास्त. ते इंजिन ऑइलबरोबर दर वेळी बदलायचे नसते. बहुतेक पुस्तिकांत १,००० तासांच्या आसपासचा आकडा असतो. "दोन्ही एकदमच करून टाकू" असे कोणी म्हणाला तर आधी वही बघा. आणि बदलायचेच ठरले तर पूर्ण वेळ उभे राहा. पाच-सहा लिटरची भर घालून पूर्ण बदलीचे बिल लावणे इथे फार सोपे जाते.

मोटारसायकलचे थोडक्यात. १०० सीसीच्या गाडीला पुरा लिटर लागतोच असे नाही, म्हणून तर ९०० मिलीलिटरचे डबेही मिळतात. पुस्तिकेतला आकडा बघावा आणि उरलेले ऑइल परत मागावे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए-२" अशी खूण असलेले ऑइल घ्यावे. चारचाकीसाठीच्या काही ऑइलांनी क्लच घसरू लागतो.

पावतीची लाज बाळगू नका. ऑइलचे नाव, लिटर, फिल्टर, मजुरी आणि मीटरचे तास असे वेगवेगळे लिहून घ्या. मोफत सर्व्हिस असली तरी मजुरी तेवढी मोफत असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे बहुधा पडतात. ते आधीच विचारावे. डब्यावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर "वर जीएसटी" म्हणून कोणी मागितले तर देऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर वैधमापन शास्त्र विभागाकडे कळवावे. मात्र पावती हवी. ती खिशात धुतली जाते, म्हणून घरी आल्याबरोबर मालकिणीच्या ताब्यात द्यावी आणि ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर पेटीत जावी.

राहिले काढलेले जुने ऑइल. ते तुमचे आहे आणि त्याला भाव येतो. मिस्त्रीकडे ठेवायचे असेल तर मजुरीतून तेवढे कमी करायला सांगावे, मागण्यात गैर काही नाही. घरी आणलेत तर ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. कायद्यानेही तो घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक गोळा करणाऱ्याकडेच जायला हवा. गोचीड जावी किंवा खरूज बरी व्हावी म्हणून ते जनावरांच्या अंगाला चोळण्याची चाल काही भागांत आहे, ती बंद करावी. जनावर अंग चाटते, ऑइल पोटात जाते, आणि कातडीलाही ते अपायकारक आहे. आपल्या हातांनाही तेच. बदली झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी एवढे करा: खाली वाकून जमिनीवर थेंब पडले आहेत का ते पाहा आणि पट्टी एकदा काढून बघा. कालच्या पातळीपेक्षा खाली गेली असेल तर रानात न जाता सरळ मिस्त्रीकडे जावे, पावती घेऊन.