किल्ली कोणाच्या हाती?

मोटारीची किल्ली हरवणे ही श्रीमंतांची अडचण. तिच्याशी चळवळीचे काय देणेघेणे, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांनी कर्ज काढून टॅक्सी चालविणाऱ्याची अवस्था पाहावी. पोलीस ठाण्यात तक्रार, नोंदणीचे कागद, ओळखपत्र, आगाऊ रक्कम आणि मग किल्ली येईपर्यंत ताटकळणे! दुसरी किल्ली नसेल तर गाडीच ओढून अधिकृत सेवाकेंद्रात न्यावी लागते. काही हजारांचा भुर्दंड पडतो, धंदा बुडतो तो वेगळाच. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

पूर्वी हे काम रस्त्याच्या कडेला बसणारा किल्लीवाला कानस चालवून थोडक्या पैशांत करीत असे. आज किल्लीच्या मुठीत चिप असते. तिचा संकेत गाडीतील यंत्रणेशी जुळला नाही, तर पाते कितीही हुबेहूब कापले तरी इंजिन सुरू होत नाही. काही कारागिरांनी बाहेरची यंत्रे मिळवून ही विद्या आत्मसात केली आहे. पण अनेक गाड्यांपुढे त्यांनाही हात टेकावे लागतात.

या व्यवस्थेने चोऱ्यांना आळा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, ती याचसाठी. परंतु चोराला रोखणे वेगळे आणि मालकाला ओलीस धरणे वेगळे. गाडीची पूर्ण किंमत मोजल्यावरही तिच्या किल्लीचा संकेत कंपनीच्याच तिजोरीत राहणार असेल, तर ही सुरक्षितता नव्हे, मक्तेदारी आहे. अमेरिकेत पडताळणी करून नोंदविलेल्या स्वतंत्र कारागिरांना हे संकेत मिळतात व प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. मग आपल्याकडेच चोरांचा बागुलबुवा कशासाठी?

सुटे भाग व दोषनिदानाची साधने खुल्या बाजारात न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी न्यायालयांची वाट धरली. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने टॅक्सी सुरू होत नाही!

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे : किल्लीचा संकेत खरेदीच्या वेळीच मालकाच्या हाती द्या, नोंदणीकृत कारागिरांना यंत्रे व प्रशिक्षण वाजवी दरात द्या, नव्या किल्लीचे दर जाहीर करा. टॅक्सी-रिक्षाचालकांच्या संघटनांनी आणि ग्राहक चळवळीने ही मागणी एकजुटीने लावून धरावी. ज्याने किंमत मोजली, किल्लीवर हक्क त्याचाच.