नाकांतील बिऱ्हाडें

‘ठणठणीत मुलाला सुया कशाला टोंचावयाच्या?’ असा प्रश्न घरांतील वडील मंडळी अजूनही विचारतात. त्याचें एक उत्तर त्या वडील मंडळींच्याच प्रकृतीशीं निगडित आहे, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

निरोगी मुलाच्याही नाकाच्या मागील भागांत नाना जंतूंचीं बिऱ्हाडें असतात. न्यूमोकॉकस हा त्यांपैकींच एक. १८८१ सालीं फ्रान्समध्यें पाश्चर व अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांनीं त्याची माहिती स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली; स्टर्नबर्ग यांना तर तो स्वतःच्याच लाळेंत सांपडला होता! बहुधा हा जंतु मुकाट्यानें राहतो. परंतु फुप्फुसांत, रक्तांत किंवा मेंदूच्या आवरणांत शिरला म्हणजे जिवावर बेततें. नातवंडाच्या शिंकेंतून व खोकल्यांतून तो आजी-आजोबांपर्यंत सहज पोंचतो, आणि उतारवयांत त्याचा हल्ला सोसणें कठीण असतें.

या जंतूचे शंभरावर प्रकार आहेत. त्यांतील ७ प्रकारांविरुद्धची लस अमेरिकेंत २००० सालापासून तान्ह्या मुलांना देण्यांत येऊं लागली. ते प्रकार मुलांच्या नाकांतून हळूहळू नाहींसे झाले. आणि नवल असें कीं, ज्यांना ही लस टोंचलीच नव्हती त्या वृद्धांतही त्या प्रकारांचे गंभीर आजार पुष्कळच घटले.

तथापि रिकामी झालेली खोली ओस पडत नाहीं. लसींत नसलेले प्रकार तेथें राहावयास आले. त्यांतील ‘१९अ’ हा विशेष बळावला, म्हणून २०१० मध्यें त्याच्यासह १३ प्रकारांची लस निघाली. नव्या बिऱ्हाडकरूंपैकीं बरेचसे कमी उपद्रवी निघाल्यामुळें मुलांतील एकंदर गंभीर आजार पूर्वीपेक्षां कमीच राहिले. मात्र कोणता प्रकार वाढत आहे यावर शास्त्रज्ञांना सतत नजर ठेवावी लागते, व लसही वेळोवेळीं बदलावी लागते.

आपल्या देशांत ही लस सरकारी कार्यक्रमांत २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें आली व २०२१ मध्यें सर्वत्र देण्याचें ठरलें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें १० प्रकारांची लस तयार केली आहे. सरकारी केंद्रांत सहाव्या आठवड्यांत, चौदाव्या आठवड्यांत व नवव्या महिन्यांत अशा तीन मात्रा विनामूल्य मिळतात.

बारशाचा दिवस ठरवितांनाच या तीन तारखाही टिपून ठेवाव्या, आणि तें काम आजोबांकडेच सोंपवावें, अशी आमची सूचना आहे. त्यांत त्यांचाही लाभ आहेच!